जुन्या नावाची मुलगी



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस कामगार चळवळीवर बोलण्याची आज्ञा केली होती. आम्ही ती थोडी वाकवून घेतली आहे. आज आम्ही बोलणार आहो ते पोरीबाळींच्या नावांविषयी. युनियनच्या माणसाला बारशाची उठाठेव कशाला, असे कोणी म्हणेल. पण तास संपेपर्यंत आम्ही आमच्याच विषयावर बोललो हे आपल्याला पटेल अशी आशा आहे. आम्ही पंडित नव्हे. शाळा दहावीपर्यंत पाहिली, पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयात आणि जिनिंगच्या फाटकावर.

प्रकार असा घडला. यंदाच्या हंगामात आमच्या युनियनची एक जुनी सभासद, रेच्यावर कपाशी टाकण्यात जिचे आयुष्य गेले अशी बाई, कचेरीत आली. चुकाऱ्याची तक्रार असेल म्हणून आम्ही वही उघडली. ती म्हणाली, "वही राहू द्या भाऊ. नातीचं नाव मी जना ठेवतो म्हन्तो. माया सासूचं नाव होतं थे. सून नाई म्हन्ते. तुमीच सांगा आता." मागे सून उभी होती. बारावी शिकलेली, बोलायला खंबीर. ती म्हणाली, "काका, जना म्हटलं का सारे मोलकरीनच समजतीन. शाळेत पोट्टीले हासतीन. तुमच्या घरात ठेवलं असतं का तुमी असं नाव?"

या शेवटच्या प्रश्नाने आम्ही निरुत्तर झालो. का झालो ते पुढे सांगू. त्या दिवशी आम्ही "पाहून सांगतो" एवढेच म्हणालो, आणि मग खरोखरच पाहू लागलो की ज्याला आपण जुनाट नाव म्हणतो ते जुनाट होते तरी कसे.

पहिली गोष्ट अशी दिसली की नाव केवळ वयाने जुने होत नाही. तसे असते तर सगळ्यांत जुनी नावे सगळ्यांत आधी टाकाऊ ठरली असती. नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे. नाशिकच्या लेण्यांत गौतमी बलश्रीचा आहे, आणि नहपान क्षत्रपाची मुलगी दक्षमित्रा हिने दिलेल्या दानाचाही आहे. हे सारे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. आता आपल्या तालुक्यातल्या शाळेचा पट उघडून पाहा. गौतमी सापडेल, यशोधरा सापडेल, सुजाता, विशाखा, संघमित्रा सापडतील. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली, आणि त्यानंतर वऱ्हाडातल्या वस्त्या-वस्त्यांतून ही नावे पाळण्यात आली. दोन हजार वर्षांची नावे, पण ती कोणाला जुनाट वाटली नाहीत. ती नवी वाटली, कारण ती ज्यांनी घेतली त्यांनी ती स्वतः निवडून घेतली होती.

तेराव्या शतकाकडे येऊ. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ऋद्धिपूर आहे, जेथे आता मराठी भाषेचे विद्यापीठ स्थापन झाले आहे. म्हाइंभटांनी तेथे लीळाचरित्र सिद्ध केले. त्यातल्या बायांची नावे पाहा: बाइसा, महदाइसा, आउसा, उमाइसा, देमाइसा. शेवटचा तो 'सा' आदराचा. आज तो कोणी लावीत नाही, कानाला विचित्रही लागतो. पण मौज अशी की हा ग्रंथ या बायांना नाव घेऊन बोलवितो. त्या प्रश्न विचारतात, हट्ट करतात, रुसतात, आणि प्रत्येकीचे नाव तेथे टिकले आहे. आम्हांस तो ग्रंथ अवघड गेला, शब्दकोश जवळ घेऊन वाचावा लागला. पण बायांच्या नावांनी इतका भरलेला दुसरा जुना मराठी ग्रंथ आमच्या पाहण्यात नाही.

त्याच सुमाराची, थोडी मागची-पुढची, चोखोबांच्या घरातली नावे घ्या. चोखोबांचा जन्म आपल्याच वऱ्हाडात, बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहुणाराजाचा, अशी परंपरा आहे. त्यांच्या पत्नीचे नाव सोयरा, बहिणीचे निर्मळा. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात शूद्राचे नाव निंदाव्यंजक असावे असे सांगितले आहे. आणि गावकुसाबाहेरच्या या घरात निर्मळा! आणखी पुढे चला. तीनशे वर्षांनंतर सोयराबाई हे नाव रायगडावर शिवछत्रपतींच्या राणीचे म्हणून भेटते. महारवाड्यातल्या घरी जे नाव, तेच राजवाड्यात. याचा अर्थ एवढाच की नावात मुळात उच्चनीच नव्हते. ते पुढे चिकटले.

मनुस्मृतीचा विषय निघालाच आहे तर आणखी थोडे. तिसऱ्या अध्यायात कोणत्या मुलीशी लग्न करू नये याची यादी आहे. नक्षत्राचे, झाडाचे, नदीचे, डोंगराचे, पक्ष्याचे, सापाचे, दासीपणाचे किंवा भयंकर नाव असलेली मुलगी वर्ज्य. आता महाराष्ट्रातल्या आज्यांची नावे आठवा: गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, चंद्रभागा, तुळसा, रोहिणी, रेवती. हा नियम काटेकोर पाळला असता तर निम्मा महाराष्ट्र बिनलग्नाचा राहिला असता. खुद्द शकुंतलेचे नावच पक्ष्यांवरून आले आहे. शकुंत म्हणजे पक्षी, त्यांनी त्या टाकलेल्या पोरीला सांभाळले. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या ग्रंथाची होळी केली ती योग्यच केली. पण नदीच्या नावाच्या बाबतीत मराठी बायांनी तो ग्रंथ त्याच्या कितीतरी आधी बाजूला ठेवला होता, आणि कसलाही गाजावाजा केला नव्हता. दोनच दिवसांनी, २७ डिसेंबरला, त्याच महाडात बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले की ज्या लुगड्यावरून, ज्या दागिन्यांवरून तुमची जात ओळखली जाते ते नेसणे-लेणे सोडा. नावाचेही तेच आहे. अंगावरची खूण पुसता येत असेल तर माणसाने का पुसू नये? आमच्या त्या सुनेचे म्हणणे याहून फार वेगळे नव्हते, हे आम्हांस नंतर लक्षात आले.

शकुंतला म्हटले की मूर्तिजापूरकराला कालिदास आठवत नाही, गाडी आठवते. मूर्तिजापूरहून एकीकडे अचलपूर आणि दुसरीकडे यवतमाळ अशी आपली अरुंद रुळांची शकुंतला. किलिक निक्सन कंपनीने वऱ्हाडचा कापूस बंदराकडे नेण्यासाठी ती घातली. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेले इंजिन तिला कितीतरी वर्षे ओढीत होते, आणि १५ एप्रिल १९९४ रोजी त्याच्या जागी डिझेल आले. गेली काही वर्षे तीही बंद आहे. पण पाहा, त्या गाडीला कोणी जुनाट नावाची म्हणून हसले नाही. हळहळले. तिचे नाव लोकांनी प्रेमाने घेतले. आणि त्याच गावात शकुंतला नावाची बाई भांडी घासायला आली की तेच नाव हलके. गाडीला चालते, बाईला चालत नाही!

शकुंतला हे नाव मराठी घरांत रुजविण्यात रंगभूमीचा वाटा मोठा होता असे आमचे मत आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे संगीत शाकुंतल १८८० साली पुण्यास रंगभूमीवर आले, सौभद्र १८८२ साली. देवलांची शारदा १८९९ ची, खाडिलकरांच्या मानापमानातली भामिनी १९११ ची, गडकऱ्यांच्या एकच प्याल्यातली सिंधू १९१९ ची. शकुंतला, शारदा, सिंधू ही त्या काळी आजच्या सिनेमातल्या नावांसारखी ताजी नावे होती. ती रंगभूमीवर मिरविली बालगंधर्वांनी, म्हणजे पुरुषाने. आणि पुढे आयुष्यभर वागविली बायांनी. त्या सिंधूच्या नाती आता आज्या झाल्या, आणि सिंधू हे नाव कामवालीचे ठरले.

येथेच आम्हांस धागा सापडला. नाव जुनाट होते ते शिडीवरून खाली उतरताना. वरच्या पायरीवरची माणसे एक नाव वापरतात. ते पाहून खालच्या पायरीवरची माणसे तेच आपल्या मुलीला ठेवतात, आदराने, हौसेने. ते खाली पोचले की वरची माणसे ते टाकून देतात आणि नवे घेतात. आनंदीबाई जोशी, अमेरिकेत जाऊन १८८६ साली डॉक्टर झालेल्या, माहेरच्या यमुना. रमाबाई रानडे, त्याही माहेरच्या यमुना. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' या कादंबरीची नायिकाही यमूच. म्हणजे एके काळी यमुना हे शिकल्यासवरल्या पांढरपेशा घरांतले रुळलेले नाव होते. आज यमुनाबाई म्हटले की डोळ्यांपुढे कोण येते ते आम्ही सांगायला नको.

पुन्हा गंमत अशी की वरच्या पायरीला आपले टाकलेले नाव परत उचलण्याचीही मुभा असते. सई पाहा. शिवरायांच्या सईबाईंचे नाव, साडेतीनशे वर्षांहून जुने. आज पुण्यामुंबईच्या घरांत सई म्हणजे अगदी ताजे. मुक्ता तसेच, रमा तसेच. आपल्या सिंदखेडराजाच्या जिजाऊंवरून जिजा हे नावही पुन्हा येऊ लागले आहे. फक्त मागचा 'बाई' तेवढा कापायचा. गंगा म्हटले की धुणेवाली. तीच नदी जान्हवी म्हणून आली की बंगल्यातली. गोदावरी नको, पण गोदावरीचेच दुसरे नाव गौतमी चालते. नदी एकच, पाणी एकच. ज्याच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे त्याने मुलीचे नाव जुने ठेवले तर लोक रसिकता म्हणतात. ज्याच्या घरी छपरावर टिनाचा पत्रा आहे त्याने ठेवले तर मागासलेपणा म्हणतात. २०२४ साली एका अख्ख्या जिल्ह्याला अहिल्यानगर हे नाव मिळाले, ते आम्हांस आवडले. मात्र जिनिंगमधल्या अहिल्याबाईला मुकादम कोणत्या सुरात हाक मारतो तेही आम्ही ऐकले आहे.

आता सुनेच्या त्या प्रश्नाचे उत्तर. आमच्या आईचे नाव चंद्रभागा. पंढरपूरची चंद्रभागा आपण सर्व जाणता. दर्यापुराजवळून वाहते तीही चंद्रभागा. आई बावीस हंगाम रेच्यावर उभी होती. आम्हांस मुलगी झाली तेव्हा आमच्या बहिणीने, म्हणजे पोरीच्या आत्याने, आईचेच नाव ठेवू असे सुचविले. आम्ही नको म्हटले. त्या वेळी आम्ही मोर्चात श्रमाच्या प्रतिष्ठेवर भाषणे देत होतो! आम्ही पोरीचे नाव एका कादंबरीतून काढले, तीन अक्षरी, गुळगुळीत. आई काही बोलली नाही. पाळण्याची दोरी तिनेच ओढली. पुढे कितीतरी वर्षांनी ती एकदा सहज म्हणाली, "माया नावात का खोट होती रे?" त्याचे उत्तर आमच्यापाशी तेव्हाही नव्हते.

जुनी नावे सगळीच चांगली असे आमचे म्हणणे नाही. लागोपाठ मुलीच झाल्या म्हणून जिचे नाव नकुशी ठेवले, तिचे नाव कितीही जुने असो, ते पुसलेच पाहिजे. सातारा जिल्ह्यात २०११ च्या ऑक्टोबरात दोनशेहून अधिक नकुशींना समारंभाने नवी नावे दिली गेली. ज्या पोरीला शाळेत हजेरी देताना रोज 'नको असलेली' या अर्थाचे नाव घेऊन 'हजर' म्हणावे लागले, तिच्या मनाचे काय झाले असेल? कचरा, धोंडा, भिका ही नावे थोडी निराळी. आधीची मुले दगावली म्हणून हे तरी जगावे, मृत्यूची नजर लागू नये, या भीतीने ती ठेवीत. त्यांत भीती आहे, द्वेष नाही. तरीही मुलीने ती जन्मभर का वागवावीत? मुलाचा कचरू मोठा होऊन कचरूसेठ होतो. कचराबाईला तेवढीही सवड नाही.

जना त्यांतले नव्हे. पण जनाबाईकडे वळण्यापूर्वी एक हजेरीपट दाखवितो.

आम्ही कामाला लागलो तेव्हाची गोष्ट. कोणत्या कारखान्याची ते सांगत नाही. हंगामी बायांच्या पटावर पुरुषांची नावे होती आणि बायांच्या जागी 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई'. कारकून म्हणाला, नावे विचारीत बसायला वेळ कोणाला? कारखान्यांच्या १९४८ च्या कायद्यात प्रत्येक कामगाराचे नाव नोंदवहीत असावे असे स्पष्ट होते. पण कायद्याला आवाज नसतो, तो माणसाने द्यावा लागतो. आम्ही एकेकीला नाव विचारीत गेलो. एक बाई गप्पच राहिली. लाजते असे आम्हांस वाटले. शेजारीण म्हणाली, "तिले कारंजावालीच म्हन्तात सारे." सासरी माहेरच्या गावावरून हाक, कारखान्यात नवऱ्यावरून. पंचवीस वर्षांत तिचे नाव कोणी घेतले नव्हते. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "शेवंता." तो पट आम्ही बरीच वर्षे जपून ठेवला होता.

त्यात लग्नातले नाव बदलणे आणखी. तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहायचे, साखर वाटायची. यमुनाची आनंदी झाली, दुसऱ्या यमुनाची रमा झाली. महर्षी कर्व्यांशी १८९३ साली लग्न झाले तेव्हा गोदूची आनंदी झाली. थोरांच्या घरी त्याची कादंबरी होते, आमच्याकडे भानगड होते. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, शिधापत्रिकेवर दुसरे, आधारवर तिसरे. भविष्य निर्वाह निधीचा पैसा निघायचा तर तिन्ही जुळले पाहिजेत. बाई तीच, घाम तोच, पैसा मात्र अडतो. अशी प्रकरणे सोडविण्यात आमच्या चपला झिजल्या. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली आणि माहेरच्याच आडनावाने त्या आजवर ओळखल्या जातात, याचे मोल आम्हांस त्या खिडक्यांपुढे रांगेत उभे राहून कळले.

आता जनाबाई. गंगाखेडची पोर, नामदेवांच्या घरी वाढलेली मोलकरीण. दळण, कांडण, शेणगोठा, पाणी. मराठी मुलुखात त्या काळी अशा दासी हजारोंनी असतील. कोणाचेही नाव उरले नाही. हिचे उरले, कारण हिने आपल्या अभंगांच्या शेवटी आपले नाव घातले, आणि आपण दासी आहोत हेही त्याबरोबर सांगितले; लपविले नाही. तिच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग आहेत. म्हणजे जना हे मोलकरणीचे नाव आहे हे सुनेचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. आपल्या कामाच्या पटावर स्वतःच्या हाताने स्वतःचे नाव लिहिणारी पहिली मराठी कामकरी बाई ती हीच, असे आम्ही समजतो. तज्ज्ञांनी हवे तर आमची चूक काढावी.

हे सारे आम्ही त्या दोघींना परत बोलावून सांगितले. सासू खूष झाली. सून शांतपणे ऐकून म्हणाली, "काका, हे सारं बरोबर आहे. पण थे संत जनाबाई तुमाले माहीत. शाळेतल्या पोट्ट्याईले कोन सांगन?" याला काय बोलावे? नाव ठेवणारा एकदाच ठेवतो. ते वागवायचे त्या पोरीला, रोज. प्रतिष्ठेचा लढा आपण लढावा आणि त्यात चार महिन्यांच्या लेकराला पुढे उभे करावे, हे आम्हांस आमच्या मोर्चांतल्याही काही प्रसंगांची आठवण करून देणारे वाटले. आमचे मत जनाच्या बाजूने आहे आणि ते आम्ही दिले. पण ते आमचे मत. आईचे मत आमच्या मताहून वजनदार, असेही आम्ही तेथेच सांगितले, आणि सासू आमच्यावर थोडी रागावली.

मग आम्ही तिला एक गोष्ट दाखविली. १ मे २०२४ पासून किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाचे नाव सरकारी कागदांवर लिहिताना आधी मुलाचे, मग आईचे, मग बापाचे आणि शेवटी आडनाव, असा महाराष्ट्र सरकारचा नियम झाला आहे. सातवाहन राजे गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र म्हणवीत, म्हणजे आईचे नाव आधी. दोन हजार वर्षांनी ती रीत कागदावर परत आली. सून तो कागद बराच वेळ पाहत राहिली. तिच्या लग्नातही नाव बदलले होते. तिने विचारले, "आईचं नाव म्हंजे कोनतं? माहेरचं का इकडचं?" आम्ही सांगितले, तुझ्या दाखल्यांवर जे खरे आहे ते, आणि ते आधी सरळ करून घे. दुसऱ्या दिवशी ती शाळेचा दाखला आणि आधार घेऊन आली. ते काम चालू आहे.

जन्माची नोंद झालेली आहे, नावाचा रकाना कोरा आहे. वर्षभरात नाव लिहिले तर शुल्क पडत नाही. पुढेही पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून लिहिता येते. घरात मात्र आजी तिला जना म्हणते, आई दुसऱ्याच एका नावाने हाक मारते, आणि पोरगी दोन्ही नावांना हसते असे सांगतात. मागच्या आठवड्यात आम्ही त्यांच्या घरी गेलो होतो. सून पाळण्याशी होती. आम्हांस पाहून ती थोडी ओशाळली, कारण तीही त्या वेळी जनाच म्हणत होती.